टाळलं म्हणता, पण याला आमच्या गावात वाळीत टाकणं म्हणतात: सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

चेअरमन साहेब, सेक्रेटरी साहेब, ट्रेझरर मॅडम आणि कमिटीतले बाकी सगळे,

नमस्कार. मी बी विंग ३०४. माझं नाव तुम्हाला माहितीये, बाकीच्यांना कळायची गरज नाही. सोसायटीचं नावही इथे लिहीत नाहीये, मला कोणाची बदनामी करायची नाहीये आणि खरं सांगू का, पुण्यात हेच पत्र लागू पडेल अशा कितीतरी सोसायट्या निघतील. हे सगळं मी आपल्या ग्रुपवरच लिहिणार होते, पण मीटिंगनंतर दुसऱ्याच दिवशी तुम्ही ग्रुप 'फक्त ॲडमिन' करून टाकलात, मग आता इथे लिहितेय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी नाशिकला बदली झाली म्हणून फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. ब्रोकरने एक जोडपं आणलं, मूळ उदगीरचं, तो हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, ती शाळेत गणित शिकवते, साडेतीन वर्षांची मुलगी. फ्लॅट दाखवायच्या आधी ब्रोकरचा मला फोन, आवाज एकदम खाली आणून, "मॅडम, पार्टी मोहमेडन आहे, चालेल ना?" जसं काही घरात सीलिंग गळतंय हे आधीच सांगून ठेवतोय. मी म्हटलं दाखव की. ते आले, बघितलं, तिने दोनच प्रश्न विचारले. पाणी किती वाजता येतं आणि घरात अंडं केलं तर कोणाची हरकत नाही ना. मी म्हटलं अगं मी रायगडची, या ओट्यावर एवढे बोंबील तळलेत, तू अंड्याचं काय विचारतेस. भाडं १९ हजार ठरलं, डिपॉझिट ६० हजार, टोकन त्याच दिवशी आलं.

चार दिवसांनी सेक्रेटरी साहेबांचा फोन आला, आधी सोसायटीची एनओसी घ्या. मग अर्ज दिला. मग कळलं मीटिंगमध्ये बघू. मीटिंगला मी नाशिकहून सुट्टी टाकून आले, तिथे पाऊण तास पार्किंगच्या पट्ट्यांवर चर्चा झाली आणि माझा विषय सात मिनिटांत नकार देऊन संपला. सेक्रेटरी साहेब, तुम्ही म्हणालात, "मॅडम, आम्ही कोणावर अन्याय करत नाहीये, आम्ही फक्त टाळतोय. शेजारी कोण हवं हे ठरवायचा हक्क आम्हालाही आहे ना?" बऱ्याच माना हलल्या. मी बोलायला लागले तर 'पुढचा विषय' झाला.

हे 'फक्त टाळतोय' तेव्हापासून माझ्या डोक्यात फिरतंय. कारण ते सरळसरळ खोटं असतं तर सोडून दिलं असतं, पण त्यात थोडं खरं आहे, म्हणून त्रास जास्त होतो.

खरं म्हणजे आपण सगळेच टाळतो. आपल्या ए विंगमधले जैन काका माझ्याकडे कधी पाणीसुद्धा पीत नाहीत, आमच्या घरी कांदा लसूण मासे सगळं शिजतं म्हणून. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, ते दारात उभं राहून अर्धा तास गप्पा मारतात आणि माझ्या मुलीच्या दहावीच्या पेढ्यांचा डबा त्यांनीच सगळ्यात मोठा आणला होता. बँकेतली माझी मैत्रीण माझ्या घरचं मटण खात नाही, हलाल नसतं म्हणून, ती भाजी भाकरी खाते, आम्ही दोघी हसतो. कोणी मूर्तिपूजेला येत नाही, कोणी दर्ग्यावर येत नाही, कोणी दुसऱ्या धर्मात मुलगी देत नाही. यातलं काही मला पटतं काही नाही पटत, पण या सगळ्याला भेदभाव म्हणायला लागले तर माणसाला स्वतःचं घरच उरणार नाही. कोणाशी मैत्री करायची, कोणाच्या ताटात जेवायचं, सुट्टीत कोणाकडे जायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. तुम्हाला त्या जोडप्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू, लिफ्टमध्ये मोबाईलमध्ये बघा, हळदीकुंकवाला बोलावू नका. मी कोर्टात जाणार नाही त्यासाठी.

पण चेअरमन साहेब, तुम्ही असं टाळलं नाहीत. तुम्ही गेट बंद केलंत. आणि गेट तुमच्या एकट्याचं नाहीये.

हा फरक मला पुस्तकातून कळलेला नाही. मी सात वर्षांची होते तेव्हा आमच्या गावात, रायगड जिल्ह्यात, माझ्या आजोबांना वाळीत टाकलं होतं. कारण काय तर गावकीने ग्रामपंचायतीसाठी एकमताने एक नाव ठरवलं होतं आणि आजोबांनी तरीही स्वतःचा फॉर्म भरला. दंड सांगितला, त्यांनी भरला नाही. झालं. पिठाची गिरणी आमच्यासाठी बंद, विहिरीवर आई गेली की बाकी बायका कळशा उचलून बाजूला, शिमग्याला पालखी आमच्या दारात थांबली नाही, तशीच पुढे गेली. त्या पालखीचे ढोल लांब लांब जाताना मला अजून ऐकू येतात, आजी रांगोळी काढून ताट घेऊन उभी होती. आणि गंमत बघा, गावात कोणीही आम्हाला शिवी दिली नाही, हात लावला नाही. विचारलं असतं तर प्रत्येक जण हेच म्हणाला असता, आम्ही काय केलं, आम्ही फक्त बोलत नाही त्यांच्याशी. प्रत्येकाने एकेकट्याने टाळलं असतं तर आम्ही कसंतरी निभावलं असतं हो, चार बोलले नाहीत तर दोन बोलतात. पण बसून ठरवलं होतं त्यांनी. ठरवून, सगळ्यांनी मिळून, जे बोलायला तयार होते त्यांनाही बोलू न देता.

आता तुमची मीटिंग आठवा. मी तयार होते ना घर द्यायला? माझ्या समोरच्या ३०३ मधल्या वहिनींनी तर मीटिंगच्या आधी मला विचारलं होतं, मुलगी केवढी आहे, माझ्या नातवाला खेळायला होईल. म्हणजे ज्यांची भिंत त्या घराला लागून आहे त्यांची हरकत नव्हती. हरकत कोणाची, तर डी विंगच्या सातव्या मजल्यावरच्यांची.

त्याच काळातली अजून एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला लाज वाटते पण सांगते. वाळीत असताना आमचं मीठ, रॉकेल, तांदूळ बाजूच्या गावातल्या मोहल्ल्यातल्या दुकानातून यायचं. दुकानवाले भाई कधी कधी अंधार पडल्यावर स्वतः सामान आणून द्यायचे, उधारीवर. आजी त्यांना चहा करायची आणि तो चहा एका कान तुटलेल्या कपात द्यायची जो कप वळचणीला खोचलेला असायचा, बाकी भांड्यांत कधीच यायचा नाही. भाई चहा प्यायचे, कप स्वतः विसळायचे आणि परत वळचणीला खोचायचे. दीड वर्ष. ज्या बाईच्या दारात पालखी थांबली नाही तिलाही त्या कपात काही खटकलं नाही. आजीवर माझा खूप जीव होता, पण तो कप चूक होता, तिला तिचं सोवळं महत्त्वाचं होतं म्हणून मी ते बरोबर म्हणणार नाही. तरीसुद्धा आजीने भाईंना रस्त्यावरून जायचं नाही, दुकान टाकायचं नाही, आमच्या गावात राहायचं नाही असं सांगितलं नव्हतं, तिच्या हातात ते नव्हतंही. तुमच्या हातात आहे. म्हणून तुमचं टाळणं आजीच्या कपापेक्षा मोठं आहे.

मला वाटतं मोजायचं असेल तर एवढंच मोजावं, टाळल्यावर समोरच्याचं काय जातं. चहा गेला तर माणूस दुखावतो, घरी जाऊन चहा पितो. पण घर गेलं तर तो कुठे जाणार? ब्रोकरने सांगितलंय त्यांना कुठे जायचं ते, "कोंढव्यात बघा ना, तिकडे तुमचे लोक आहेत." कोंढव्याहून हिंजवडी म्हणजे ट्रॅफिकमध्ये जाता येता तीन तास. कोंढवा असेल नाहीतर मुंबईजवळचं मुंब्रा, ९२-९३ च्या दंगलींनंतर तिथे वस्ती कशी वाढली हे माहिती असलेले लोक आपल्या सोसायटीतही आहेत. आधी आपण घर द्यायचं नाही आणि मग म्हणायचं हे लोक वेगळेच राहतात, मिसळत नाहीत. मुस्लिमांच्या परिस्थितीवरच्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात त्यांना घरं मिळत नाहीत याबद्दल लिहिलेलं आहे, म्हणजे हा काही मी आज लावलेला शोध नाही.

आता कायद्याचं. सी विंगमधले वकील साहेब मीटिंगमध्ये म्हणाले की घटनेचं भेदभावाविरुद्धचं कलम १५ सरकारला लागू आहे, सोसायटीला नाही. अर्धं बरोबर आहे. १५ चा पहिला भाग सरकारला बांधतो. दुसरा भाग मात्र तुम्हाआम्हालाही बांधतो, दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्यापासून कोणाला धर्म जात यावरून अडवता येत नाही. त्यात हाउसिंग सोसायटी असा शब्द नाही, मान्य. आणि खाजगी घरभाड्यात धर्मावरून नकार दिला तर थेट शिक्षा देईल असा देशभराचा कायदा नाही, तेही मान्य. पण कायद्यात शिक्षा नाही म्हणून ती गोष्टच घडली नाही असं कसं होईल? वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मग त्याच्या आधी माझ्या आजोबांना वाळीत टाकलं नव्हतं का? तो कायदा आपल्याच समाजातल्या माणसावर घातलेल्या बहिष्काराचा आहे, तुमच्यावर तो लागतो असं मी म्हणत नाहीये, घाबरू नका. मी म्हणतेय की मिळून ठरवून टाळणं हा साधा आवडीनिवडीचा प्रश्न नसतो हे आपल्या राज्याने लेखी मान्य केलंय.

वकील साहेबांनी अजून एक निकाल फॉरवर्ड केला, सुप्रीम कोर्टाचा २००५ चा, अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा, की सोसायटी आपले सभासद एकाच समाजाचे ठेवू शकते. मी वाचला. रात्री एक वाजेपर्यंत जागून वाचला, बँकेतल्या माणसाला बारीक अक्षर वाचायची सवय असते. त्या सोसायटीच्या नोंदणी झालेल्या उपविधींमध्येच, म्हणजे सोसायटीच्या लेखी नियमांमध्येच, ती अट पहिल्यापासून होती आणि प्रश्न सभासदत्वाचा होता. आपल्या उपविधींमध्ये अशी अट कुठे आहे दाखवा. आणि माझा भाडेकरू सभासद होणारच नाहीये, सभासद मीच आहे. उलट आपण ज्या मॉडेल उपविधी घेतल्यात, २०१४ च्या, त्यात भाडेकरू ठेवायला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही असं स्वच्छ आहे, आठ दिवस आधी कळवायचं, लीव्ह अँड लायसन्सची कॉपी आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची कॉपी जोडायची, संपलं. म्हणजे जी एनओसी मागायचा तुम्हाला अधिकारच नव्हता ती तुम्ही मागितलीत आणि मीही गाढवासारखी अर्ज घेऊन उभी राहिले. (नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी जे जास्तीचे पैसे घेते ते, सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, आपण किती घेतो तेही कधीतरी बघूया, पण तो वेगळा विषय.)

चेअरमन साहेब, तुमच्याशी वेगळं बोलायचंय. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली, महाराष्ट्रीयन अलाउड नाही म्हणून, तिने रडत व्हिडिओ टाकला होता. तेव्हा आपल्या ग्रुपवर सगळ्यात जास्त मेसेज तुमचे होते. आमच्याच मुंबईत आम्हाला जागा नाही, हा अपमान आहे, असे. मी तुम्हाला अंगठा दिला होता, मनापासून. त्या सोसायटीतल्या लोकांनीही तेव्हा हेच म्हटलं असतं ना की आम्ही फक्त टाळतोय, शेजारी कोण हवं हे ठरवायचा हक्क आम्हाला आहे? मग तेव्हा अपमान आणि आता वातावरण? सोसायटीचं वातावरण बिघडेल हा शब्द तुम्ही मीटिंगमध्ये तीनदा वापरलात. मासे खाणाऱ्यांमुळेही वातावरण बिघडतं म्हणे काही बिल्डिंगमध्ये. वास येतो ना आमचा.

आणि आपण दर १४ एप्रिलला गेटजवळ फोटोला हार घालतो. १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोद्याला नोकरीला गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, परदेशातून शिकून आलेला माणूस, शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले. हे बऱ्याच जणांना माहिती असतं. पण त्यानंतरचं मला जास्त लागतं. त्यांचे तिथे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिश्चन. हिंदू मित्र म्हणाला तू आलास तर माझे नोकर जातील. दुसरा म्हणाला बायको बाहेरगावाहून येतेय, तिला विचारून सांगतो. दोघं भांडले नाहीत की वाईट बोलले नाहीत. फक्त टाळलं. आंबेडकर संध्याकाळपर्यंत बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत. काठीवाल्यांमुळे धर्मशाळा गेली, पण बडोदं सुटलं ते या दोन सभ्य माणसांमुळे असं मला नेहमी वाटतं. माझं मत आहे, चुकत असेन.

भीतीबद्दलही बोलायला पाहिजे, नाहीतर मी सोयीचं तेवढंच बोलतेय असं होईल. आपल्याकडे एक काका आहेत ज्यांचा सख्खा भाऊ १२ मार्च १९९३ ला मुंबईत सेंच्युरी बाजारच्या बॉम्बस्फोटात गेला. त्यांना दाढी टोपी दिसली की आजही त्रास होतो, त्यांनीच मला सांगितलंय. त्यांना मी कधीही म्हणणार नाही की तुम्ही त्या घरी जा, मुलीचे लाड करा. त्यांचं टाळणं त्यांचं आहे, त्याला मी हात लावणार नाही. पण मीटिंगमध्ये ते काका गप्प होते. एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं दुःख पुढे करून बोलत होते ते दुसरेच, ज्यांनी काही गमावलेलं नाही. आणि एका माणसाच्या मनातल्या जखमेसाठी उदगीरच्या गणिताच्या बाईंना, ज्या तेव्हा पहिली दुसरीत असतील, शिक्षा कशी देणार? सुरक्षेसाठी पोलीस व्हेरिफिकेशन आहे, ते सगळ्यांचं करा, माझंसुद्धा करा.

'बॅचलरनाही आपण देत नाही, मग तो भेदभाव का' हेही कोणीतरी म्हणालं. तो नियमही मला मूर्खपणाचा वाटतो. पण बॅचलर उद्या लग्न करून येईल, या लोकांनी काय करून यायचं?

ज्या दिवशी मी त्या उदगीरच्या भाडेकरूला फोन करून नकार सांगितला, तो पटकन म्हणाला, "ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आम्हाला अंदाज होता." मी टोकन परत पाठवलं. मला वाटलं होतं तो चिडेल, ओरडेल, माझ्याकडे उत्तर तयार होतं. समजूत माझीच काढत बसला तो. नंतर कळलं हे त्यांनी बघितलेलं अकरावं घर होतं. माझं नुकसान सांगायचं तर फ्लॅट तीन महिने रिकामा, ५७ हजार, आणि होम लोनचा हप्ता चालूच. पैशाचं दुःख नाही असं मी म्हणणार नाही, आहे, पण ते भरून निघेल.

तर मला काय हवंय ते लिहिते.

माझा अर्ज कोणत्या कारणाने नाकारला ते ठरावाच्या नंबरसकट लेखी द्या. मिनिट्समध्ये नुसतं 'चर्चा झाली' असं आहे, ते चालणार नाही, कारण खरं असेल तर लिहायला काय हरकत आहे. लिहायला हात थांबत असेल तर का थांबतोय ते तुम्हीच बघा. भाडेकरूच्या फॉर्ममधला धर्म आणि आहार हा कॉलम काढा. ब्रोकर लोकांना आणि गेटवरच्या दादांना जी तोंडी सूचना दिलीय (ती दिलीय, मला दोन ब्रोकरनी सांगितलंय) ती मागे घेतल्याचं तोंडीच सांगा, चालेल, पण सांगा. पुढच्या जनरल बॉडीत हा विषय अजेंड्यावर घ्या, सात मिनिटं नाही, पार्किंगला देता तेवढा वेळ द्या. आणि कमिटीतल्या कोणीतरी एकाने त्या जोडप्याला फोन करून सॉरी म्हणा, ग्रुपवर नाही, फोनवर. नंबर मी त्यांना विचारून देईन.

महिनाभर वाट बघते. नाहीतर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार देणार आहे, मसुदा तयार आहे, आणि त्यात कोणाचंही वैयक्तिक नाव मी घातलेलं नाही, कमिटी एवढंच लिहिलंय. यात धमकी नाही, आधी सांगितलेलं बरं म्हणून सांगतेय. कोणाला बसून बोलायचं असेल तर पहिल्या रविवारी मी येतेय, अकरा वाजता फ्लॅटवर असेन, चहा करीन. ज्यांना माझ्याकडचा चहा चालत नाही त्यांनी खाली बाकावर भेटा, मी येते.

या तिमाहीचा मेंटेनन्स नेहमीप्रमाणे भरलाय, पावती पाठवा.

बी ३०४

ता. क. चार दिवसांपूर्वी त्याचा मेसेज आला, त्यांना घर मिळालं. कोंढव्यात.